श्वास मोजा, हिरडी बघा: कुत्र्या-मांजरांचं हृदय, रक्ताच्या गाठी आणि न थांबणारं रक्त

नाकातून रक्त टपकणारा कुत्रा किंवा मागचे पाय फरपटत किंचाळणारी मांजर घेऊन जी माणसं दवाखान्यात येतात, त्यांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: “डॉक्टर, कालपर्यंत एकदम व्यवस्थित होता हो.” ती खोटं बोलत नसतात. पण हे आजार सहसा एका रात्रीत उभे राहत नाहीत. मांजरीच्या हृदयाचा कप्पा महिनोन्‌महिने मोठा होत आलेला असतो. कुत्र्याच्या प्लेटलेट गोचीड चावल्यापासून उतरत असतात. घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण नेमकं काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

इथे तेवढंच सांगतो. निदान आणि डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. घरी काय मोजायचं, कोणत्या लक्षणाला हातात किती वेळ असतो, आणि दवाखान्यात, लॅबमध्ये, मेडिकलच्या काउंटरवर काय विचारायचं, हे आपलं काम.

सुरुवातीलाच एक फरक

मांजरात हृदयविकार आणि रक्ताची गाठ ही बहुतेक वेळा एकाच आजाराची दोन टोकं असतात. कुत्र्यात तसं नाही. कुत्र्याचं हृदय बिघडलं तर फुप्फुसात पाणी होतं, दम लागतो, चक्कर येते. पण त्यातून पायाच्या रक्तवाहिनीत गाठ जाऊन बसणं क्वचितच घडतं. कुत्र्यात गाठी झाल्याच, तर त्या लघवीतून प्रथिनं गळणारी किडनी, कुशिंग (हार्मोनचा एक आजार), स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारा ॲनिमिया, कॅन्सर अशा दुखण्यांच्या मागोमाग येतात. आपल्याकडच्या कुत्र्यांत रक्ताची जी तक्रार जास्त दिसते ती नेमकी उलटी असते. रक्त गोठतच नाही. गोचीड ताप, उंदराचं औषध, घोणस-फुरसं ही त्याची नेहमीची कारणं.

हा फरक डोक्यात असला की निम्मी घाई योग्य दिशेने होते. मांजरीचा पाय गेला तर हृदयाचा विचार करा. कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं तर गोचीड आणि विष आठवा.

झोपेतला श्वास: घरची सगळ्यात मोलाची तपासणी

हृदयविकाराच्या बाबतीत मालक घरी जे काही करू शकतो त्यात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. फुप्फुसात पाणी साठायला लागलं की खोकला, धाप, निळी जीभ या गोष्टी दिसायच्या आधी झोपेतल्या श्वासांची गती वाढते. कधी कधी एक-दोन दिवस आधी.

मोजायचं असं. प्राणी गाढ झोपलेला हवा. नुसता पडून तुमच्याकडे बघतोय असा नको. मांजर गुरगुरत असेल तर थांबा. पंजे थरथरतायत, मिश्या हलतायत, म्हणजे स्वप्न चालू आहे, तेव्हाही मोजू नका. बरगड्यांच्या मागे, कुशीकडे बघा. कूस वर आली आणि खाली गेली की एक श्वास झाला. मोबाइलवर एक मिनिट लावून मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट केलं तरी चालतं, पण एक श्वास चुकला की उत्तर दोनाने चुकतं. लांब केसांच्या पर्शियनची कूस लांबून दिसत नाही. ती जिथे झोपली आहे तिथे गुपचूप जाऊन तिच्या पाठीमागून, उजेडाच्या कडेने बघावं लागतं. फ्रिजवर झोपणारी असेल तर स्टुलावर चढा, पर्याय नाही.

निरोगी कुत्र्या-मांजराचा झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या आत असतो, बऱ्याच जणांचा विशीच्या आसपास. आकडा रोज कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी तो छान मावतो आणि घरात कुणीही मोजला तरी एकाच जागी सापडतो. आठ-दहा दिवसांत तुमच्या प्राण्याचा स्वतःचा आकडा कळतो, आणि पुढे तोच महत्त्वाचा. नेहमी १८ असणाऱ्याचा २६ झाला तर ३० च्या आत असूनही डॉक्टरांना कळवायचं. ३० च्या वर गेला तर तासाभराने पुन्हा मोजा. तेव्हाही वरच असेल तर त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट बघू नका. ४० च्या वर आणि पोट आत-बाहेर होतंय, मान ताणलेली आहे, आडवं पडवत नाही, असं असेल तर लगेच निघा.

एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उकाड्यात मोजलेला आकडा धरू नका. कुत्रा अंग थंड करायला तोंड उघडून धापतो, ती वेगळी गोष्ट. पहाटे, पंख्याखाली मोजा. मांजर मात्र तोंड उघडून श्वास घेत असेल तर ती उन्हाळ्याची सवय समजू नका. खूप पळापळीनंतर किंवा गाडीत घाबरून क्षणभर तसं होऊ शकतं. घरात शांत बसलेल्या मांजरीचं तोंड उघडं दिसणं ही इमर्जन्सी आहे.

हिरडी आणि मांडीची नाडी

प्राणी धडधाकट असतानाच या दोन गोष्टी शिकून घ्या. ओठ वर करून हिरडी बघा: गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबा, पांढरी होईल, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. पांढुरकी हिरडी म्हणजे रक्त कमी किंवा रक्ताभिसरण मंद, निळसर म्हणजे ऑक्सिजन कमी. पग आणि बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळात काळ्या असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

हिरडीवर किंवा पोटाच्या बिनकेसाळ त्वचेवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले तर त्यांवर बोट दाबा. पुरळाचा लाल रंग दाबल्यावर फिका पडतो. त्वचेखाली रक्त झिरपून झालेला ठिपका तसाच राहतो. असे ठिपके म्हणजे प्लेटलेट बऱ्याच उतरल्याची खूण. तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

मांडीच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात, दोन बोटं हलकेच ठेवली की नाडी लागते. मांजरीत ती सापडायला सराव लागतो. पण ज्याला नेहमीची नाडी माहीत आहे त्यालाच ती नसल्याचं कळतं.

कुत्र्याचं हृदय

नाशिकच्या फ्लॅटमधली छोटी कुत्री, म्हणजे स्पिट्झ, पॉमेरेनियन, ल्हासा, शित्झू, डॅक्सहंड, यांच्यात वय वाढलं की मायट्रल झडप जाड आणि वेडीवाकडी होते. ती नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं, आणि स्टेथोस्कोपला ‘मर्मर’ ऐकू येतो. मर्मरची तीव्रता १ ते ६ अशी सांगतात. लसीकरणाला गेल्यावर डॉक्टर “थोडा मर्मर आहे” म्हणाले, तर ग्रेड किती ते विचारून फाइलवर लिहून घ्या.

इथे दोन टोकाच्या प्रतिक्रिया होतात. काही जण घाबरून त्याच दिवशी औषध सुरू करायला लावतात, काही जण कुत्रा उड्या मारतोय म्हणून विषयच सोडून देतात. दोन्ही चूक. नुसता मर्मर आहे आणि हृदयाचा आकार ठीक आहे, तर औषध लागत नाही. सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासायचं. पण हृदय मोठं झालं असेल आणि लक्षणं अजून नसतील, तर हीच वेळ औषधाची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ नावाच्या मोठ्या चाचणीत या टप्प्यावर पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू केलेल्या कुत्र्यांचं हार्ट फेल्युअर सुमारे १५ महिन्यांनी लांबलं. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने थोडे नव्हेत. हा टप्पा स्टेथोस्कोपने कळत नाही. मर्मर ३ किंवा जास्त ग्रेडचा, टू-डी इकोमध्ये डाव्या कर्णिकेचं (वरच्या कप्प्याचं) महारोहिणीशी (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीशी) प्रमाण १.६ किंवा जास्त, डाव्या जवनिकेचं (खालच्या कप्प्याचं) वजनानुसार काढलेलं माप १.७ किंवा जास्त, आणि एक्स-रेवर मणक्यांच्या मापाने हृदय १०.५ च्या वर, असे त्याचे निकष आहेत. रिपोर्टमध्ये हे आकडे नसतील तर मागा. “हार्ट थोडं एन्लार्ज आहे” एवढ्यावर समाधान मानू नका.

खोकल्याबद्दल एक सांगायला हवं. पॉमेरेनियन-स्पिट्झच्या श्वासनळीची कूर्चा मऊ पडून ती चपटते, आणि कुत्रा हंसासारखा ‘हाँक हाँक’ खोकतो. त्याच कुत्र्याला मर्मरही असला की खोकल्याचं खापर हृदयावर फुटतं आणि विनाकारण लघवीची गोळी सुरू होते. कालनिर्णयवरचे आकडे इथे कामाला येतात. झोपेतला श्वास पंचवीसच्या खाली स्थिर असेल तर खोकला फुप्फुसातल्या पाण्याचा असण्याची शक्यता कमी. डॉक्टरांना ते पान दाखवा.

मोठ्या जातींचं दुखणं वेगळं. डॉबरमन आणि ग्रेट डेनमध्ये हृदयाचा स्नायूच पातळ आणि कमजोर होतो, बॉक्सरमध्ये ठोक्यांची लय बिघडते. डॉबरमन वरून ठणठणीत असताना कोसळून जाऊ शकतो, म्हणून तीन-चार वर्षांचा झाल्यापासून दर वर्षी इको आणि जमल्यास २४ तासांचा होल्टर (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची नोंद) करावा. कुत्रा कोसळला तर पहिली गोष्ट व्हिडिओ काढा. चक्कर असेल तर अंग ढिलं पडतं आणि मिनिटभरात उठून तो काही झालंच नाही असा चालायला लागतो. फिट असेल तर अंग ताठरतं, पाय मारतो, लाळ-लघवी होते आणि नंतर बराच वेळ भांबावलेला राहतो. दोन्हींची औषधं पूर्ण वेगळी, आणि तोंडी वर्णनावरून भलेभले चुकतात.

औषधं सुरू झाल्यावर काय? पिमोबेंडन रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर, बारा तासांच्या अंतराने. फ्युरोसेमाइड, म्हणजे आपली लासिक्सची लघवीची गोळी, सुरू झाली की कुत्रा भरपूर पाणी पितो आणि भरपूर मुततो. घरात घाण नको म्हणून पाण्याचं भांडं उचलणारे लोक आहेत. तसं केलं तर किडनी जाते. पाणी कायम समोर हवं आणि फिरायला जास्त वेळा न्यायचं. गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या.

खाण्यात मीठ कमी. आपल्याकडे गडबड होते ती जेवणात नाही, मधल्या तोंडात टाकण्यात. मिसळीबरोबरचा पाव, खारी, पापडाचा तुकडा, चीज, आणि अर्थातच चिवडा. चिवड्यात तळलेला कांदाही असतो, आणि कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, मांजरीच्या तर लवकर. आजोबांना हे समजावणं औषधापेक्षा अवघड असतं, पण समजवा. ‘ग्रेन-फ्री’ खाद्याचंही बोलून घेऊ. असं खाद्य आणि हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा आजार यांच्या संबंधाची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली जाहीर केली. कार्यकारणभाव पक्का ठरलेला नाही. पण भात-ज्वारी पचवणाऱ्या कुत्र्यासाठी महागडं ग्रेन-फ्री पोतं आणायचं कारण मला दिसत नाही.

व्यायाम बंद करायचा नाही, पण कुत्र्याने ठरवलेल्या वेगाने चालायचं. गंगापूर रोडला पहाटे सपाटीवरून रमतगमत ठीक. पांडवलेणीच्या पायऱ्या हृदयाच्या कुत्र्यासाठी नाहीत.

मांजर: हृदयातून पायात जाणारी गाठ

मांजरांत सगळ्यात जास्त दिसणारा हृदयविकार म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होणं, एचसीएम. वरवर निरोगी मांजरांच्या तपासण्यांत साधारण १५ टक्क्यांमध्ये तो आढळला आहे. मेन कून, रॅगडॉल, पर्शियन, ब्रिटिश शॉर्टहेअर या जातींचं नाव नेहमी निघतं, पण साधी गावठी मांजरंही सुटत नाहीत. पंचाईत अशी की कित्येक आजारी मांजरांत मर्मर नसतो, आणि मर्मर असलेल्या कित्येक मांजरांचं हृदय ठीक असतं. हृदयविकाराने मांजर सहसा खोकतही नाही. ती फक्त कमी उड्या मारते, पलंगाखाली जास्त वेळ बसते, आणि घरातले म्हणतात, “म्हातारी झाली आता.”

एक वेगळा प्रकार आपल्याच स्वयंपाकघरातून येतो. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, आणि ते मांस-मासळीत असतं. टॉरिन कमी पडलं की हृदय फुगून कमजोर होतं, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतं, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात ते पुरेसं घालायला लागले. दूध-पोळीवर वाढणारी मांजर, किंवा कुत्र्याचं खाद्य खाणारी मांजर, आजही या धोक्यात आहे. चिकन उकडून देत असाल तर पाणी ओतून टाकू नका. टॉरिन त्या पाण्यात उतरतं.

आता गाठ. हृदयाचा स्नायू जाड झाला की डाव्या कर्णिकेवर दाब येऊन ती फुगते. गंगापूर धरणाच्या फुगवट्यात पाणी कसं संथ पडून राहतं, तसं त्या कप्प्यात रक्त रेंगाळतं आणि गोठतं. इकोवर कधी कधी हे रेंगाळणारं रक्त धुरासारखं फिरताना दिसतं. त्यातला तुकडा सुटला की महारोहिणीतून खाली वाहत जातो आणि दोन्ही मागच्या पायांकडे वाट फुटते तिथे अडकतो. क्वचित पुढच्या एका पायात जातो.

चित्र ओळखायला शिका: अचानक मोठ्याने किंचाळणं, मागचा एक किंवा दोन्ही पाय लुळे, पंजे पुढच्या पंजांपेक्षा गार, गुलाबी गाद्या फिकट किंवा निळसर, मांडीत नाडी नाही, पोटऱ्या दगडासारख्या कडक. गॅलरीतून पडून पाठीला मार लागलेल्या मांजरीचेही पाय जातात, पण त्यांचे पाय गरम असतात आणि नाडी लागते. मागचे आणि पुढचे पंजे एकाच वेळी दोन हातांत धरून बघा, फरक लगेच कळतो.

अशा वेळी पाय चोळू नका. शेकही देऊ नका. पायाला संवेदना नसते, गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजते आणि मांजर सांगू शकत नाही. घरातली ॲस्पिरिन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका. पॅरासिटामोलची अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. जाड टॉवेल घातलेल्या खोक्यात किंवा कॅरियरमध्ये ती जशी पडेल तशी ठेवा, निघता निघता फोन करून “मागचे पाय गार आहेत, गाठीची शंका आहे” असं सांगा. तिथे पहिली मागणी तीव्र वेदनाशामकाची करा. या दुखण्यातल्या वेदना भयंकर असतात, आणि सगळ्या तपासण्या त्यानंतर.

मग एक अवघड बोलणं होईल. दोन्ही पाय गेलेले, अंगाचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरलेलं, शिवाय फुप्फुसात पाणी, अशी मांजर वाचण्याची शक्यता कमी असते. वेदना आवरत नसतील तर तिला शांतपणे कायमचं झोपवण्याचा निर्णय क्रूर नाही. पण एकच पाय गेलाय, थोडी हालचाल आहे, तापमान ठीक आहे, तर प्रयत्न करण्यासारखा असतो. पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे. अडलेला रक्तप्रवाह पुन्हा सुरू झाला की पायात साठलेलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून ॲडमिट ठेवणं बरं. जगलेल्यांचे पाय काही आठवड्यांत बऱ्यापैकी परत येतात.

गाठ पुन्हा होऊ नये म्हणून, आणि कर्णिका बरीच फुगलेली असेल तर पहिल्यांदाही होऊ नये म्हणून, क्लोपिडोग्रेल हे गाठ होऊ न देणारं औषध देतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत क्लोपिडोग्रेलवरच्या मांजरांना दुसरी गाठ यायला मध्यमानाने ४४३ दिवस लागले, ॲस्पिरिनवरच्यांना १९२. जास्त धोका असेल तर डॉक्टर सोबत रिव्हॉक्झाबॅन हे तसंच दुसरं औषध घालतात.

मेडिकलच्या काउंटरवर आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर

क्लोपिडोग्रेल माणसांचंच वापरतात. ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर, १८.७५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. आपल्याकडे याच औषधाची ॲस्पिरिन मिसळलेली गोळी सर्रास खपते, आणि काउंटरवर संवाद असा होतो: “मॅडम, साधी नाहीये. ही घ्या, सेमच आहे, ॲस्पिरिनसकट.” सेम नाही. स्ट्रिपमागचे बारीक अक्षरातले घटक वाचा: फक्त क्लोपिडोग्रेल ७५ लिहिलेलं हवं. दुसऱ्या औषधाचं नाव असेल तर परत करा.

गोळीचे चार तुकडे नव्या ब्लेडने किंवा पिल कटरने करा. थोडा चुरा होतोच. ही गोळी जहाल कडू आहे. उघडी दिली तर मांजर तोंडाला फेस आणून घरभर पळते; ते विष नसतं, चव असते. पण एकदा असं झालं की दुसऱ्या दिवशी तुमच्या हाताचा वाससुद्धा तिला नको असतो. छोट्या आकाराच्या रिकाम्या कॅप्सूल मिळतात. चतकोर त्यात भरा, बाहेर पूड चिकटली असेल तर पुसून घ्या, टोकाला लोण्याचा बोटभर हात लावा आणि दिल्यावर सिरिंजने थोडं पाणी पाजा. सुकी गोळी किंवा कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या बाबतीत तर हे फारच जपायचं.

या मांजरीच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या: ‘हृदयविकार’. खाज सुटली म्हणून दिलेलं महिनाभर टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा जोरात चढवलेलं सलाइन, दोन्हीने छुप्या हृदयविकाराची मांजर फेल्युअरमध्ये जाऊ शकते. नसबंदीआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे माहीत हवं.

रक्त थांबत नाही तेव्हा

पहिला संशय गोचीडावर. तपकिरी गोचीड एर्लिकिया कॅनिस हा जंतू सोडते, प्लेटलेट उतरतात, कुत्रा मलूल होतो, ताप येतो, नाकातून रक्त येतं, पोटावर ठिपके उठतात. अंगावर एकही गोचीड दिसत नाही म्हणून हा आजार नाही असं नसतं. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. तीस-चाळीस हजारांच्या खाली आपोआप रक्तस्राव व्हायला लागतो. मशीनने काढलेला आकडा एकट्याने धरू नका. प्लेटलेटचे गठ्ठे झाले की मशीन त्या कमी मोजतं, मांजरीच्या रक्तात तर नेहमीच. “स्लाइड करून डोळ्यांनी बघा” असं लॅबला सांगा. त्याच स्लाइडवर बेबेसिया हा गोचीडातूनच येणारा परजीवीही सापडू शकतो.

उपचार डॉक्सिसायक्लिनचा, २८ दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा शेपटी हलवायला लागतो आणि इथेच बहुतेकांचा कोर्स सुटतो. अर्धवट सोडलेला जंतू अंगात दबून राहतो आणि काही कुत्र्यांत पुढे बोनमॅरोच निकामी करतो, तेव्हा हातात फार काही उरत नाही. गोळी जेवणाबरोबर, पण दूध-दही-पनीरात नको. डेंग्यूच्या आठवणीने पपईच्या पानांचा रस पाजणारे भेटतात. त्याच्या भरवशावर डॉक्सी लांबवली तर नुकसान कुत्र्याचं.

गोचीड बहुतेक काळ कुत्र्यावर नसतेच, भिंतीच्या भेगांत आणि बिछान्याच्या शिवणीत असते. म्हणून एकदा औषध लावून भागत नाही. फ्लुरालेनर किंवा ॲफोक्सोलेनरची गोचीड मारणारी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने चालू ठेवावी लागते. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनचं स्पॉट-ऑन (कातडीवर टाकायचे थेंब) आणूच नका. मांजराला ते जीवघेणं आहे.

दुसरं कारण उंदराचं औषध. निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यात, कांद्याच्या चाळीत, सोसायटीच्या मीटर-रूममध्ये ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकलेल्या असतात. हे औषध व्हिटॅमिन के चा शरीरातला पुनर्वापर अडवतं आणि रक्त गोठवणारे घटक तयार होणं थांबतं. आधी बनलेले घटक संपेपर्यंत कुत्रा मजेत असतो, त्यामुळे लक्षणं दोन ते पाच दिवसांनी येतात. आणि ती रक्ताच्या धारेनेच येतात असं नाही: छातीत रक्त साठून धाप, सांध्यात साठून लंगडणं, नुसता खोकला. धापणारा कुत्रा बघून सगळे हृदयाकडे बघतात, म्हणून गेल्या आठवड्यात कुठे कुठे हुंदडला ते डॉक्टरांना न विचारता सांगा.

खाताना पकडला तर लक्षणांची वाट बघू नका. पहिल्या काही तासांत डॉक्टर उलटी करवू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका. पाकीट सोबत न्या, कारण राखाडी-काळी झिंक फॉस्फाइडची पूड हे निराळंच विष आहे. त्याला उतारा नाही आणि व्हिटॅमिन के चा त्यात काही उपयोग नाही. ब्रोमॅडिओलोनला मात्र हुकमी उतारा आहे: व्हिटॅमिन के-१, तेल-तुपाच्या जेवणाबरोबर, तीन ते चार आठवडे. के-३ चालत नाही, स्ट्रिप वाचून घ्या. शेवटची गोळी दिल्यावर ४८ ते ७२ तासांनी पीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करायची. ती नॉर्मल आली तरच उपचार संपला. पीटी माणसांच्या लॅबमध्ये होते, निळ्या झाकणाच्या नळीत. त्यांची नॉर्मल रेंज आणि आयएनआर (पीटीवरून काढलेला आकडा) कुत्र्याला लागू होत नाहीत, म्हणून सोबत एका निरोगी कुत्र्याचा नमुना पाठवून दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे.

तिसरं, साप. घोणस आणि फुरसं या दोघांच्या विषाने रक्त गोठणं थांबतं. बागेत फिरणाऱ्या कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. सूज भराभर वाढते, दंशातून रक्त झिरपत राहतं. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चालवू नका. उचलून गाडीत घाला. दवाखान्यात एक साधी तपासणी होते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरपं करायचं. पातळ वाहिलं तर विषाने गोठण्याची यंत्रणा संपवली आहे, प्रतिसर्पविष लगेच हवं. त्याची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही, सापाने सोडलेल्या विषावर ठरते. लहान कुत्रा म्हणून अर्धी कुपी, हा हिशेब चुकीचा.

रक्त न गोठण्याचे जन्मजात दोष कमी दिसतात, पण डॉबरमनमध्ये फॉन विलेब्रँड आजार आणि जर्मन शेफर्डच्या नरांत हिमोफिलिया ध्यानात ठेवा. दात पडताना किंवा नखं कापताना रक्त जास्त वेळ आलं असेल तर नसबंदीआधी डॉक्टरांना सांगा. आतल्या ओठावर बारीक छेद देऊन किती वेळात रक्त थांबतं ते बघतात. चार मिनिटांच्या आत थांबायला हवं.

इको कुठे, प्रवास कधी, रक्त कुणाचं

साधं सोनोग्राफी मशीन असणं आणि हृदयाचा इको करता येणं यात फरक आहे. फोनवरच विचारा: कार्डिॲक प्रोब आहे का, वर सांगितलेली मापं लिहून मिळतील का. मांजर दवाखान्यात पिसाळत असेल तर आदल्या रात्री आणि निघण्याआधी गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध द्यावं का, तेही विचारून ठेवा. इकोची सोय नसेल तर मांजरीसाठी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी हृदयावर ताण आहे की नाही याचा अंदाज देते.

गुंतागुंतीच्या केसला मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. धापणारा प्राणी घेऊन कसारा घाट उतरायला निघू नका, इगतपुरीहून समृद्धीला लागणार असाल तरी नाही. आधी इथेच ऑक्सिजन आणि लासिक्सचं इंजेक्शन, श्वास ४० च्या खाली आला की मग प्रवास, तोही पहाटे.

रक्त चढवायची वेळ आली तर वेळ शोधाशोधीत जातो. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना बहुतेक वेळा गट जुळवल्याशिवायही निभावतं, दुसऱ्यांदा नाही. मांजरीला मात्र पहिल्या खेपेलाही गट तपासल्याशिवाय देऊ नये. बी गटाच्या मांजरीला ए गटाचं थोडं रक्तही मारक ठरतं. दाता कुत्रा एक ते आठ वर्षांचा, २५ किलोच्या वरचा, लसीकरण पूर्ण असलेला आणि गोचीड तापाची तपासणी झालेला हवा. सकाळी फिरताना भेटणाऱ्या लॅब्रॅडॉर आणि शेफर्डच्या मालकांशी आजच बोलून ठेवा, तयार असतील त्यांचे नंबर क्लिनिकच्या नंबरखाली लिहा, आणि त्यांच्या कुत्र्याला कधी लागलं तर तुमचा कुत्रा बसतो का तेही सांगून ठेवा.